ऋतूंची कलाकुसर आणि घरचे सोहळे : या चुका टाळा

होमस्कूलिंग करणाऱ्या घरांत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सोहळ्याच्या दिवशीच कात्री, गोंद आणि रंग बाहेर काढणं. वाढदिवस आज आणि पताकाही आजच सकाळी करायच्या! मग गोंद ओला राहतो, रंग हाताला लागतो आणि घाईत मोठी माणसं मुलांच्या हातातलं काम काढून घेऊन स्वतःच उरकतात. मूल घरी शिकतं तेव्हा त्याच्याकडे वेळ असतो, तो वापरायला हवा. सोहळ्याची तारीख धरा आणि तिथून उलटं मोजत मागे या. दाबून वाळवलेल्या पानांसाठी दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. मीठ घातलेल्या कणकेच्या वस्तूंना वाळवणं, रंगवणं, वार्निश असं सगळं धरून आठवडा द्या. कागदकाम दोन-तीन दिवसांत होतं. प्रत्यक्ष दिवशी फक्त टांगायचं आणि मांडायचं.

पानं काळी पडतात, वाकडी होतात

पानांतलं पाणी लवकर बाहेर पडलं नाही की ती काळपट होतात, बुरशीही धरतात. त्यामुळे दव किंवा पाऊस सुकल्यावरच पानं गोळा करा आणि पातळ पानं निवडा. जाड, रसाळ पानं या कामाला चालत नाहीत. मासिकाचा गुळगुळीत कागद ओल शोषत नाही. टीपकागद किंवा साधी रद्दी घ्या, वर जड पुस्तकं ठेवा आणि पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदला. हे बदलणंच बहुतेक जण टाळतात आणि तिथेच सगळं बिघडतं.

पान वाळलं की नाही हे कळायला ते गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत अजून ओल आहे. असं पान घाईने बाहेर काढलं की उरलेली ओल जाताना ते आकसतं आणि मुरडतं. पूर्ण वाळलेल्या पानाचाही हिरवा रंग उजेडात फिका होतो, कारण हरितद्रव्य लवकर विघटित होतं. पिवळा रंग त्यापेक्षा जास्त टिकतो. म्हणून पानांची भेटकार्डं खिडकीत लावू नका. आणि अनोळखी झाडाची पानं लहानग्यांच्या हाती देऊ नका. कण्हेरीचा तर प्रत्येक भाग विषारी असतो.

मिठाच्या कणकेला तडे

प्रमाण सोपं आहे : 2 कप मैदा, 1 कप बारीक मीठ आणि साधारण 1 कप पाणी. पाणी थोडं थोडं घालत जा. बेकिंग पावडर मिसळलेलं पीठ घेतलंत तर वस्तू फुगून आकार जातो. गोळा नीट मळला नाही, लाटी जाड राहिली किंवा ओव्हन फार तापवला तर तडे जातात, कारण वरचा थर आधी सुकतो आणि आतला ओला राहतो. जाडी 5 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. 100 अंश सेल्सिअसला दोन-तीन तास, मध्ये उलटून, असं सावकाश वाळू द्या.

महिन्याभराने वस्तू मऊ पडली तर दोष मुलांच्या हाताचा नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पातळ जलरंगापेक्षा ॲक्रिलिक रंग वापरा. वार्निश पुढून, मागून आणि दोरा ओवायच्या भोकाच्या आतूनही लावा. दमट दिवसांत या वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. घरात कुत्रा असेल तर कणीक उंचावर ठेवा, एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

कागद सुरकुततो, कात्री चालत नाही

पांढऱ्या गोंदात पाणी असतं, त्याने कागदाचे तंतू फुगतात. पातळ थर द्या आणि लगेच पुस्तकाखाली दाबा. कात्रीबद्दल मात्र जरा थांबून पाहा. डावखुऱ्या मुलाच्या हातात उजव्या हाताची कात्री दिली की पाती कागद कापण्याऐवजी मुडपतात, शिवाय कापायची रेघही पात्यामागे लपते. त्या मुलाला आपण ‘हात वळत नाही’ म्हणतो, हे मला फार अन्यायाचं वाटतं. त्याला डाव्या हाताची कात्री आणून द्या.

दुसऱ्याच्या खिडकीतला ऋतू

फोनवर लाल-केशरी पानांची चित्रं दिसतात आणि बाहेर सगळं हिरवंगार असताना आपण मुलांना पानगळीचं चित्र करायला बसवतो. उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हा दक्षिणेत हिवाळा असतो, आणि विषुववृत्ताजवळ हे चार ऋतू तसे जाणवतही नाहीत. आपल्या दारासमोरच्या झाडाला आज जे दिसतं तेच टेबलावर यावं.

वर्षातले चार दिवस मात्र कुठल्याही घराला साजरे करता येतात : 20-21 मार्च, 20-21 जून, 22-23 सप्टेंबर आणि 21-22 डिसेंबर यांच्या आसपासचे. मार्च-सप्टेंबरात दिवस-रात्र जवळपास सारखे असतात, तर जून-डिसेंबरात वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा दिवस येतो. अंगणात तीच काठी त्याच जागी उभी करून दुपारची सर्वांत छोटी सावली मोजायची आणि त्या लांबीची रंगीत पट्टी कापून भिंतीवर लावायची. घड्याळात बारा वाजले की सावली सर्वांत छोटी, असं धरू नका. ती वेळ जागेनुसार पुढेमागे होते, म्हणून साडेअकरापासून सावली पुन्हा लांबायला लागेपर्यंत खुणा करत राहा. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मध्ये राहणाऱ्यांना आणखी एक कोडं पडतं. तिथे सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, त्यामुळे वर्षातली सर्वांत छोटी सावली जूनच्या किंवा डिसेंबरच्या त्या दिवशी पडत नाही. मुलांचं मोजमाप चुकलं असं समजून पट्टी फेकू नका.

पण अशा प्रत्येक पट्टीवर प्रश्नपत्रिका काढू नका. मूल विचारेल तेवढंच सांगा. कागदाचा हिमकण कापताना घडी तीनदा अर्धी केली की आठ टोकं येतात. खऱ्या हिमकणाला सहा असतात, हे त्यालाच मोजू द्या. तीन समान भागांची घडी कशी घालायची, हे मग ते स्वतःहून विचारतं.

सगळ्यांना एकच काम

तीन वर्षांचं मूल कागद फाडून चिकटवेल, सात वर्षांचं कापेल, दहा वर्षांचं मोजून आखेल. एकच नमुना सगळ्यांपुढे ठेवला की धाकटं रडतं आणि मोठं कंटाळतं. धाकट्याची वाकडी पताका रात्री गुपचूप सरळ करू नका, सकाळी त्याला ते कळतं.

तिन्हीसांजेला कागदी कंदिलात मेणबत्तीऐवजी बॅटरीवरचा छोटा दिवा लावता, ते योग्यच. फक्त त्यातली बटनासारखी बॅटरी स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाआड आहे ना, हे पाहा. मुलाने ती गिळली तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. नुसता संशय आला तरी वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा.