टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरसाठी प्लेअर निवडताना आधी हर्ट्झ बघा

कॉम्प्युटर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडलाय आणि पिक्चर हार्ड डिस्कवर आहेत, असं धरून चालतो. आता कुठला प्लेअर (पिक्चर चालवणारं सॉफ्टवेअर) घ्यावा, असं कुणाला विचारलंत तर पहिलं उत्तर येईल, "व्हीएलसी टाक, सगळं चालतं." चालतं, खरंय. पण कोडी, एमपीसी-एचसी, एमपीव्ही यांतही सगळं चालतं आणि सगळे फुकट आहेत. कुठली फाइल चालते यावर प्लेअर निवडायचे दिवस गेले.

पहिली चाळणी सोपी. सोफ्यावर बसून माऊस शोधावा लागत असेल, तर तो प्लेअर बाद. कोडीचा जन्मच एक्सबॉक्स या गेमिंग कन्सोलवर, टीव्हीसमोर झाला (2014 पर्यंत त्याचं नाव एक्सबीएमसी होतं), त्यामुळे रिमोटचे चार बाण आणि ओके एवढ्यावर सगळं होतं. टेबलाशी बसून बघणार असाल तर एमपीसी-एचसी छान. घरात तीन-चार टीव्ही असतील तर जोडीला जेलीफिन सर्व्हर, म्हणजे एका कॉम्प्युटरवरचे पिक्चर घरभरच्या टीव्हींना पुरवणारं सॉफ्टवेअर. ओटीटीसाठी यातलं काहीच नको, टीव्हीतलं ॲप वापरा.

खरी चाळणी दुसरी, आणि तिच्यापायी माझे सहा महिने गेले. कॅमेरा सावकाश आडवा फिरला की इमारतीच्या कडा ठेचकाळत सरकायच्या. दुकानदार म्हणाला केबल बदला. बदलली. मग म्हणाला ग्राफिक्स कार्ड घ्या. तेही घेतलं. ठेचा तशाच!

दोष साध्या हिशेबाचा होता. पिक्चर सेकंदाला 24 चित्रांचा असतो आणि कॉम्प्युटर टीव्हीला 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र दाखवत, चालवतो. 60 ला 24 ने पूर्ण भाग जात नाही. मग एक चित्र तीनदा दाखवायचं, पुढचं दोनदा, परत तीनदा. ही लंगडी चाल डोळ्याला कळते. आपल्याकडच्या डीव्हीडी 25 चित्रांच्या, तिथे तर पाच चित्रं बारा खणांत कोंबावी लागतात. महागडं कार्ड हीच लंगडी चाल इमानेइतबारे दाखवतं.

उपाय एकच. पिक्चर सुरू होताना प्लेअरने टीव्हीचा रिफ्रेश रेट, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, स्वतः बदलला पाहिजे. कोडीला हे येतं, एमपीसी-एचसीलाही येतं. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसीला येत नाही, म्हणून टीव्हीसाठी मी ते सुचवत नाही, मग कुणी कितीही शपथा घेवोत.

कोडीच्या सेटिंग्जमध्ये डाव्या खालच्या कोपऱ्यातलं गियर दाबून पातळी 'एक्सपर्ट' करा, नाहीतर निम्मे पर्याय लपलेले राहतात. प्लेअर, मग व्हिडिओज, तिथे 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हे 'ऑन स्टार्ट/स्टॉप'वर ठेवा. रेट बदलताना टीव्ही दोन-तीन सेकंद काळा पडतो. पहिल्यांदा मला वाटलं, टीव्ही गेला! रेट बदलल्यावर थांबण्याचा पर्याय असतो, त्यात तेवढाच पॉज द्या, म्हणजे पहिला संवाद हुकत नाही. 'सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले' मात्र बंदच ठेवा. त्याने आवाजाच्या वेगाशी खेळ होतो आणि स्पीकरच्या रिसीव्हरकडे जाणारा पासथ्रू (आवाज न उलगडता जसाच्या तसा पाठवणं) बंद पडतो. डिस्प्ले विभागातली व्हाइटलिस्ट (कोडीला चालतील अशा रेटची यादी) रिकामी सोडा. तिथे अर्धवट खुणा करून ठेवल्या की हवा तो रेट मिळत नाही आणि कारणही सापडत नाही.

आणखी एक खोच. बहुतेक पिक्चर नेमके 24 नाही, 23.976 चे असतात. टीव्ही 24 वर गेला तर साधारण दर 42 सेकंदांनी एक चित्र दोनदा येतं, म्हणजे बारीकशी ठेच. तेव्हा विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 23.976 (कुठे नुसतं 23 लिहिलेलं असतं) यादीत आहे का ते आधी बघा. नसेल तर टीव्हीचं दुसरं एचडीएमआय पोर्ट वापरून पाहा.

जमलं का, हे असं तपासा: पिक्चर चालू असताना टीव्हीच्या रिमोटवर इन्फो दाबा. बऱ्याच टीव्हींवर हर्ट्झ दिसतो. मग कीबोर्डवर ओ दाबा. कोडी डिकोडरचं (फाइल उलगडून चित्र करणाऱ्याचं) नाव दाखवेल, त्यापुढे 'एचडब्ल्यू' असेल तर काम ग्राफिक्स चिप करतेय. इंटेलच्या सातव्या पिढीपासून 10-बिट एचईव्हीसीला (4के फाइलींत नेहमी दिसणारा व्हिडिओ दाबून साठवायचा प्रकार) चिपची साथ आहे. त्याआधीच्या मशिनवर 4के फाइल अडखळली तर प्लेअर बदलून फरक पडणार नाही.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्ट निवडा, चिन्हांचा कचरा दिसला तर सबटायटलची फाइल यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये सेव्ह करा.

नाटकांच्या जुन्या डीव्हीडीत नट हलला की कडांना कंगव्याचे दात फुटतात. तो रिफ्रेश रेटचा दोष नाही, चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. चालू व्हिडिओच्या सेटिंगमध्ये डीइंटरलेस सुरू करा, टीव्ही 50 हर्ट्झवर जाऊ द्या.