अरबी अक्षरं सुटी का पडत होती

शारजात असताना एका शाळेची अरबी धड्यांची साइट दुरुस्तीला आली. तक्रारी दोन: पान उघडता उघडत नाही आणि शीर्षकांतली अक्षरं सुटी सुटी दिसतात. अरबीत अक्षर शब्दात कुठे येतं त्यावर त्याचं रूप ठरतं, त्यामुळे ती तुटली की मुलं अडखळणारच. आपल्याकडे जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतं ना, तसंच.

दोन दिवस मी फॉन्टच्या मागे होतो. चोर निघाला सीएसएसमधला (पानाचं रंगरूप ठरवणारी भाषा) लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये सोडलेलं जादा अंतर! इंग्रजी टेम्प्लेटमधून आलेला, २ पिक्सेलचा. शून्य केला, अक्षरं जुळली.

मग दिशा, कारण अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात. पानाच्या सांगाड्याच्या सर्वांत बाहेरच्या खुणेला, एचटीएमएल टॅगला, आरटीएल (उजवीकडून डावीकडे) दिलं, मार्जिन-लेफ्ट म्हणजे डावीकडच्या मोकळ्या जागेऐवजी मार्जिन-इनलाइन-स्टार्ट, म्हणजे ओळ सुरू होते त्या बाजूची जागा, घातलं. 'पुढे'चा बाण डावीकडे वळवला. व्हिडिओचं प्ले बटण मात्र उलटवायचं नसतं. मी हौसेनं तेही उलटवून बसलो होतो.

पान जड होतं कारण अख्खे धडे चित्रं म्हणून टाकलेले. ते टाइप करून घेतले (कंटाळवाणं काम, शाळेतल्या बाईंनी केलं) आणि फॉन्ट अरबी अक्षरांपुरताच ठेवून वॉफ२मध्ये (वेबसाठी दाबून लहान केलेली फॉन्टची फाइल) दिला. धड्यांतला मजकूर आता शोधूनही सापडतो.