दहावीच्या बॅचची स्मरणिका कशी तयार करावी

तालुक्याच्या गावातील हायस्कुलातून बाहेर पडलेल्या बॅचचे स्नेहमेळावे आता दर मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत होऊ लागले आहेत. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, मंगल कार्यालय ठरते, शिक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, शाळेला पंखे किंवा पाण्याची टाकी भेट दिली जाते आणि संध्याकाळी सगळे आपापल्या वाटेने जातात. त्या दिवशी जे भरभरून बोलले जाते ते मात्र कोठेच उतरत नाही. आमच्या १९८७ च्या बॅचने दोन वर्षे खपून शाळेच्या आठवणींची स्मरणिका काढली. ते काम करताना जे उमगले आणि जे चुकले ते येथे क्रमाने मांडत आहे.

यादी हजेरीपटावरून करावी, ग्रुपवरून नव्हे

सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे आणि बहुतेक ठिकाणी ते चुकते. व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात ते दहावी पास झालेले, पुढे शिकलेले, नोकरी-धंद्याला लागलेले. वर्ग तेवढ्यांचा नव्हता. सातवीनंतर जिचे शिक्षण थांबवले ती मुलगी, नववीत नापास होऊन मागच्या वर्गात राहिलेला मुलगा, वडिलांची बदली झाल्यामुळे सहावीच्या सहामाहीनंतर दिसेनासा झालेला तहसील कचेरीतील कारकुनाचा मुलगा, हे सगळे आपल्याच बाकावर बसत होते. म्हणून बॅचची व्याख्या आधी ठरवून कागदावर लिहावी. आम्ही ती अशी केली : जून १९८१ मध्ये पाचवी सुरू झाल्यापासून मार्च १९८७ च्या परीक्षेपर्यंत आमच्या तुकड्यांमध्ये एक दिवस जरी बसला असेल, तो आमचा. आठवीत जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळांमधून आजूबाजूच्या खेड्यांतील मुले मोठ्या संख्येने येत. ती पाचवीच्या यादीत सापडत नाहीत, त्यामुळे आठवीचा पट वेगळा पाहावा लागतो. राज्यात दहावीची पहिली शालान्त परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली; त्यापूर्वी ती अकरावीला होत असे, तेव्हा त्याआधीच्या बॅचनी आपली यादी अकरावीपर्यंत न्यावी.

हजेरीपट पुष्कळदा रद्दीत गेलेले असतात, परंतु प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रवेशाची नोंद असलेले जनरल रजिस्टर शाळा कायम जपते. मुख्याध्यापकांच्या नावे, दोन माजी विद्यार्थ्यांच्या सहीने, नेमके काय पाहायचे आहे ते लिहून अर्ज द्यावा. जून-जुलैमध्ये प्रवेशाची आणि दाखल्यांची गर्दी असते, त्या दिवसांत कार्यालयाला त्रास देऊ नये. रजिस्टरचे फोटो काढू नयेत; तेथेच बसून केवळ नाव, गाव आणि शाळेत आल्याचे व सोडल्याचे वर्ष हाताने उतरवून घ्यावे. त्या पानांवर जात, जन्मतारीख आणि शाळा सोडण्याचे कारणही असते. ते आपल्या कामाचे नाही आणि स्मरणिकेत तर मुळीच येता कामा नये. गुणही छापू नयेत.

आमची पहिली यादी ग्रुपवरून केलेली होती आणि ती पूर्ण आहे अशी आमची खात्री होती. रजिस्टर पाहून आल्यावर सातवीत शाळा सोडलेल्या एका वर्गमैत्रिणीचा पत्ता लागला, तेव्हा मी तिला फोन केला. ती म्हणाली, "माझं नाव कशाला घालताय? मी कुठं दहावी झाले?" थोडा वेळ इकडचे-तिकडचे बोलणे झाल्यावर तिने आपण होऊन सहावी 'ब' ची हजेरी एक नंबरपासून म्हणायला सुरुवात केली : आधी सगळी मुले, मग मुली, आडनावासकट, बाई ज्या ठेक्यात घेत त्याच ठेक्यात. मध्ये एका नंबरवर ती थांबली आणि म्हणाली, "हा कायम गैरहजर असायचा, म्हणून बाई पुढं जायच्या." तो मुलगा आम्हा कोणालाही आठवत नव्हता, रजिस्टरमधून मात्र आम्ही तो उतरवून आणला होता. स्मरणिकेचे पहिले प्रकरण आम्ही तिच्या तोंडची हजेरी म्हणूनच छापले.

शिक्षकांकडे वर्गमित्रांच्या आधी जावे

वर्गमित्र पुढच्या वर्षीही भेटतील, पण शिक्षकांचे वय झालेले आहे. ज्यांनी आपल्याला तिशी-चाळिशीत शिकवले ते आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, म्हणून लेख मागवण्याआधी त्यांच्या भेटी उरकाव्यात. त्यांच्याबरोबर शिपाईमामा, प्रयोगशाळेचे परिचर आणि कार्यालयातील लेखनिक यांनाही भेटावे. शाळेची सकाळ घंटा देणाऱ्याला जितकी ठाऊक असते तितकी कोणालाच नसते.

भेटीला दोघांनीच जावे, एकाने बोलावे आणि दुसऱ्याने टिपण करावे. आठ-दहा जण हार घेऊन गेले की सत्कार होतो, मुलाखत होत नाही. फोनवर ध्वनिमुद्रण करण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी, फोन फ्लाइट मोडवर ठेवावा, तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर दुमडलेल्या टॉवेलवर ठेवावा आणि शक्य असल्यास पंखा बंद करावा. छताच्या पंख्याचा आवाज ऐकताना जाणवत नाही, पण मुद्रणात शब्द गिळून टाकतो. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव मुद्रित करावे. पाऊण तासापेक्षा जास्त वेळ बसू नये, हवे तर पुन्हा जावे. घरी आल्यावर त्याच रात्री फाइलची दुसरी प्रत काढून ठेवावी. आमच्या गणिताच्या सरांची पहिली मुलाखत ज्या फोनमध्ये होती तो पावसात भिजून बंद पडला आणि दुसऱ्यांदा जाण्याआधी सर गेले. ही चूक माझी होती आणि तिची भरपाई कशानेही झाली नाही.

नेमके विचारले तरच नेमके मिळते

"शाळेविषयीच्या आठवणी लिहून पाठवा" असे आवाहन केले की "शाळेने आम्हाला घडवले" या आशयाची दोन पाने येतात आणि कोणाचीही पाने कोणालाही लागू पडतात. त्याऐवजी चार-पाच लहान प्रश्न पाठवावेत. मधल्या सुट्टीत डबा कोठे आणि कोणाबरोबर खात होता? गावाहून शाळेत कसे येत होता, आणि एस.टी. चुकली तर काय करत होता? परिपाठाला प्रतिज्ञा, सुविचार किंवा बातम्या सांगण्याची पाळी आली त्या दिवशी काय झाले? पुस्तके नवी होती की वरच्या वर्गातील कोणाची अर्ध्या किमतीत घेतलेली? आम्हाला सर्वांत चांगली उत्तरे डब्याच्या प्रश्नाला मिळाली, कारण कोण कोणाच्या डब्यातले खात होते आणि कोण एकटे विहिरीच्या कठड्यावर बसत होते, हे सांगताना माणसे वर्गातील सगळी नातीच सांगून जातात.

ज्यांना लिहिण्याची सवय नाही त्यांच्याकडून फोनवर ऐकून आपण लिहावे आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. त्यांची बोली प्रमाण भाषेत ओढू नये.

आठवण जागी होत नसेल तर जुनी पाठ्यपुस्तके उपयोगी पडतात. पुण्याची बालभारती २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाली, म्हणजे आज साठीपर्यंत आलेल्या बहुतेकांच्या दप्तरात तिचीच पुस्तके होती. तिच्या 'किशोर' मासिकाचे नोव्हेंबर १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर वाचायला मिळतात. शाळेच्या ग्रंथालयात स्नेहसंमेलनासाठी तयार केलेली हस्तलिखिते असतील तर ती आवर्जून मागून पाहावीत. आमच्या एका हस्तलिखितात नववीतील चौदा जणांचे अक्षर सापडले.

आठवणींचा ताळा घ्यावा

माणसे खोटे सांगत नाहीत, पण दोन प्रसंग एकमेकांत मिसळून जातात. यासाठी एका मोठ्या कागदावर वर्षपट आखावा : एका बाजूला शैक्षणिक वर्ष आणि इयत्ता, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत अशा घटना. आमच्या पटावर २५ जून १९८३ चा विश्वचषक सातवीच्या आरंभी आला, १९८६ च्या आरंभीचा हॅलेचा धूमकेतू नववीत आला, आणि २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेले 'रामायण' नेमके दहावीच्या सराव परीक्षांच्या दिवसांत आले. तिघांनी लिहिले होते की इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी आठवीच्या वर्गात तास चालू असताना कळली. ती घटना ३१ ऑक्टोबर १९८४ ची आहे आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, म्हणजे शाळेला दिवाळीची सुट्टी होती. विचारपूस केल्यावर कळले की मुले शाळेच्या पटांगणावर खेळत असताना शिपाईमामांनी रेडिओ बाहेर आणून ठेवला होता. मूळ आठवणीपेक्षा ही अधिक बोलकी निघाली. ताळा जमला नाही तर लेखकाला कळवावे, न विचारता मजकूर बदलू नये.

नव्या बॅचना हे काम सोपे आहे, मात्र ते लगेच केले पाहिजे. २०२० च्या बॅचचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि २०२१ च्या बॅचची तर परीक्षाच झाली नाही. २०२१ च्या बॅचचे शाळेचे शेवटचे दिवस ऑनलाइन तासांच्या संदेशांमध्ये आणि ध्वनिफितींमध्ये आहेत. फोन बदलला की ते जातात, म्हणून आजच ते दुसरीकडे उतरवून ठेवावेत.

काय छापू नये

छडीचे प्रसंग सगळ्यांच्या लिखाणात येतात. ते गाळू नयेत, कारण ते घडले होते आणि काहींच्या मनात अजून आहेत. पण ज्या शिक्षकांना आता उत्तर देता येणार नाही त्यांचे नाव तेथे घालू नये. चिडवण्याची टोपणनावे, कोणाचे नाव कोणाशी जोडले जात होते ते, घरच्या गरिबीचा तपशील, हे सगळे त्या व्यक्तीने स्वतः लिहिले असेल तरच घ्यावे. तिच्याविषयी दुसऱ्याने लिहिलेले तिला आधी वाचायला द्यावे.

फोटो आणि छपाई

निरोप समारंभाचा ग्रुप फोटो बहुतेकांकडे असतो. त्यातील ज्या प्रतीला ओल लागलेली नाही ती निवडावी. आहे त्याच आकारात छापायचा फोटो ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) आणि मोठा करायचा किंवा ओळखपत्राएवढा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नयेत, पानासकट स्कॅन करावेत. पाठीमागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने लिहावे. व्हॉट्सॲपवर फोटो साधेपणाने पाठवला की त्याचा दर्जा उतरतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा. कोणाचा कोणता फोटो कधी आला याची वही ठेवावी आणि काम होताच फोटो हातोहात परत करावा.

मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करावा. छापखान्यात तो जुन्या फाँटमध्ये बदलला तर जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, तेव्हा शेवटचे मुद्रित (प्रूफ) छापील कागदावरच तपासावे. पुस्तकाचा नेहमीचा डेमी आकार, मजकुराला ७० जीएसएम वजनाचा साधा पांढरा मॅपलिथो कागद आणि फोटोंना स्वतंत्र गुळगुळीत आर्ट पेपर एवढे पुरेसे होते. खर्चासाठी वर्गणी समान ठेवावी आणि देणाऱ्यांची यादी छापू नये, कारण ती छापली की न देऊ शकलेल्यांचीही यादी आपोआप तयार होते.

प्रती ग्रुपवरच्या लोकांआधी ग्रुपवर नसलेल्यांना पोचवाव्यात, दिवंगतांच्या घरी दोघांनी स्वतः जाऊन द्याव्यात आणि दोन प्रती शाळेच्या ग्रंथालयात नोंद करून ठेवाव्यात. पाने चारच्या पटीत बसवताना शेवटी एक-दोन, फार तर तीन पाने बहुधा उरतात. तेथे जाहिराती घेऊ नयेत. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही त्यांची नावे हजेरी क्रमांकासह त्या पानांवर छापावीत आणि प्रत्येक नावाखाली दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात. आमच्या प्रतीत अशी अकरा नावे होती, आणि त्यांतील तिघांच्या ओळी आता पेनाने भरल्या आहेत.