आषाढात डुकराची पिल्लं दुधावरून तोडताना आतड्यातले जिवाणू सांभाळा

जांबोटी-कणकुंबीकडे पावसानं जोर धरला की शेडातली जमीन वाळतच नाही. नाताळात गोव्याला जाणारी बरीच पिल्लं नेमकी याच दिवसांत, दीड-दोन महिन्यांची झाल्यावर, दुधावरून तुटतात. चार-सहा दिवसांतच शेपटीखाली पिवळी पातळ हगवण चिकटलेली दिसायला लागते. खानापूरपासून निपाणीपर्यंत ज्यांच्याकडे मादी व्यालेली आहे त्यांनी तयारी आताच करावी. हगवण सुरू झाल्यावर प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवाणूंची, पुडी आणायला धावून फारसं काही हाती लागत नाही.

पिल्लू आईला पितं तोवर दुधातल्या साखरेवर त्याच्या आतड्यात लॅक्टोबॅसिलस जिवाणू पोसले जातात. ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात हगवण लावणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचं फावत नाही. दूध तुटलं की या जिवाणूंचं अन्नच तुटतं, आणि पिल्लाच्या पोटात स्वतःचं आम्ल अजून पुरेसं सुटत नसतं. त्यात आई नाही, अंगाखाली ओल. पिल्लू दोन दिवस धड खात नाही, मग एकदम अधाशासारखं खातं. उपासानं आतड्याच्या आतली बारीक लव आखूड झालेली असते. न पचलेली सोया पेंड पुढं जाऊन सडते, ई. कोलाय माजतो, आतड्याला चिकटून विष सोडतो आणि अंगातलं पाणी हगवणीवाटे निघून जातं.

प्रोबायोटिक म्हणजे बाहेरून दिलेले उपयोगी जिवंत जिवाणू. ते आम्ल वाढवतात, रोगट जिवाणूंची जागा आणि अन्न अडवतात. काही जाती त्यांना मारणारी द्रव्यंही सोडतात. पण हे जिवाणू आतड्यात कायमचं घर करत नाहीत. देणं थांबवलं की थोड्या दिवसांत शेणावाटे निघून जातात. म्हणून एकदा भरपूर देण्यापेक्षा रोज थोडं द्या. दूध तोडण्याच्या आठवडाभर आधी सुरू करा आणि नंतर किमान दोन आठवडे चालू ठेवा. गाभण मादीला विण्याआधी दोन आठवड्यांपासून दिलं तर आणखी चांगलं, कारण पिल्लांना पहिले जिवाणू आईच्या सडांवरून आणि शेणातूनच मिळतात.

पाकिटावर जिवाणूचं नाव, एका ग्रॅममध्ये जिवंत जिवाणू किती आणि मुदत हे तिन्ही छापलेलं नसेल तर घेऊ नका. एक किलो खाद्यात साधारण 100 कोटी जिवंत जिवाणू जावेत असा हिशेब धरतात. त्यावरून पाकिटावरचं प्रमाण पडताळून बघा. आपल्याकडच्या दमट हवेला बॅसिलस सबटिलिस किंवा बॅसिलस लायकेनिफॉर्मिस सोयीचे, कारण ते बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचात झोपलेल्या, रूपात असतात आणि उष्णता, साठवण सोसतात. लॅक्टोबॅसिलस नाजूक असतो.

मी स्वतः एका पावसाळ्यात पुडी उकळत्या खरकट्यात ढवळत होतो. पंधरा दिवस पैसे गेले आणि पिल्लं हगतच राहिली. आता भरडा कालवून घेतो, त्यात हाताचं बोट सहज टिकलं की मगच पुडी टाकतो. आधी मूठभर कोरड्या कोंड्यात मिसळायची, मग सगळ्यात. कालवलेलं त्याच वेळी संपवायचं.

ताक चालेल का, असं बरेच जण विचारतात. ताजं, बिनमिठाचं ताक थोडं द्यायला हरकत नाही, आंबटपणाचा उपयोग होतो. प्रोबायोटिकची जागा मात्र ते घेत नाही.

डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं असेल तर त्यात हे जिवाणूही मरतात. कोर्स पूर्ण करा, मग प्रोबायोटिक पुन्हा सुरू करा. दुकानातून मनानं प्रतिजैविक आणून खाद्यात घालू नका. कोलिस्टिन या प्रतिजैविकावर तर जनावरांसाठी 2019 पासून देशात बंदी आहे.

जिथं ओल, गर्दी आणि घाण आहे तिथं एकट्या पुडीवर विसंबू नका. पिल्लांखाली कोरडं पिंजर घाला आणि ओलं झालं की त्याच दिवशी बदला. वाऱ्याच्या बाजूला पोती बांधा. नवं खाद्य दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवा, पेंड एकदम चढवू नका. हगवण लागलीच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून दिवसभर पुढं ठेवा. शेणात रक्त दिसलं किंवा पिल्लू उठेनासं झालं तर वाट न पाहता 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

बेळगावच्या खानावळींतलं खरकटं घालणाऱ्यांनी ते ढवळत अर्धा तास खळखळ उकळूनच घालावं, आणि डुकराचं मांस असलेलं तर घेऊच नये. अशा मांसातूनही पसरणारा आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग 2020 मध्ये ईशान्येकडून देशात शिरला. आपल्याकडे त्यावर लस नाही आणि प्रोबायोटिकनंही तो अडत नाही. डुकरांना जोराचा ताप, कान-पोटावर तांबडे-निळे डाग, पटापट मरतूक असं दिसलं तर एकही डुक्कर विकू किंवा हलवू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.