मांजराच्या आजारी पिल्लांची निवारा केंद्रातील शुश्रूषा

केंद्रात आलेले नवे पिल्लू कितीही टवटवीत दिसत असले, तरी त्याला किमान 14 दिवस इतर मांजरांपासून वेगळ्या खोलीत ठेवावे, कारण पॅनल्यूकोपेनिया या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लक्षणे दिसण्यास तेवढा अवधी लागू शकतो. रावेर-यावल भागात सहज मिळणारे केळीचे पुठ्ठ्याचे खोके यासाठी सोयीचे ठरते. मात्र पुठ्ठा निर्जंतुक करता येत नाही, म्हणून एकाचे खोके दुसऱ्याला न देता नष्ट करावे.

गार पडलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजू नये. अंग थंड असताना त्याची पचनक्रिया मंदावलेली असते आणि पोटात गेलेले दूध तसेच राहते. आधी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे उकडल्यास पिल्लाला दूर सरकता येईल. धुळ्याकडील हिवाळी रात्रींत ही काळजी अटळ आहे. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातील दुपारी मात्र उष्माघाताचेच भय अधिक असते, आणि तेव्हाही कूलरचा दमट झोत थेट पिल्लांवर येऊ देऊ नये.

गाई-म्हशीच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात, म्हणून मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडरच वापरावी. दोन आठवड्यांखालील पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, पोटावर ठेवून आणि सावकाश पाजावे. उताणे पाजल्यास दूध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. रोज ठरावीक वेळी वजन करून लिहून ठेवावे. निरोगी पिल्लाचे वजन दिवसाला साधारण 10 ग्रॅम वाढते, आणि आजाराची पहिली सूचना अनेकदा त्या आकड्यातच मिळते. माझ्या मते केंद्रातील सर्वांत मोलाची वस्तू ही वही आहे.

सर्दीमुळे डोळे चिकटले असतील, तर प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा कापसाचा बोळा सलाइनमध्ये भिजवून हलकेच पुसावे. नाक चोंदल्याने वास येत नाही आणि पिल्लू खाणे सोडते. अशा वेळी अन्न कोमट करून द्यावे.

पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू जमिनीवर वर्षभरही तग धरू शकतो. सॅनिटायझरचा त्यावर भरवसा नाही, आणि फिनाइल तर मांजरांना विषारी असते. त्यामुळे विष्ठा व घाण साबणाने धुऊन काढल्यावर एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी यांचे ताजे मिश्रण दहा मिनिटे राहू द्यावे, मग स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे. स्वच्छता निरोगी पिल्लांपासून सुरू करून आजारी पिल्लांकडे शेवटी जावे.

उलट्या, रक्ताचे जुलाब किंवा तोंड उघडून श्वास घेणे यांपैकी काहीही दिसल्यास, तसेच पिल्लाने दूध नाकारल्यास, सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकांना गाठावे. ताप उतरावा म्हणून घरातील पॅरासिटामॉल मात्र कदापि देऊ नये; त्याची अगदी थोडी मात्राही मांजराचा जीव घेते.