जुन्या बग्गीत बाइकचं इंजिन: हिशोब चाकापासून सुरू करा

आमची बग्गी, म्हणजे बाजा या कॉलेजच्या पोरांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेसाठी बनवलेली गाडी, पीथमपूरच्या स्पर्धेहून परत आली आणि कॉलेजच्या वर्कशॉपमागच्या शेडमध्ये दोन वर्षं तशीच उभी राहिली. इंजिन पुढच्या बॅचने नव्या गाडीसाठी काढून घेतलं होतं. पाइपांचा पिंजरा, सस्पेन्शन, चाकं सगळं शाबूत आणि मधे रिकामी जागा. मी आणि तीन ज्युनियरनी तिथे पल्सर 150 चं इंजिन बसवलं. आता मी वडिलांबरोबर कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीनशॉप सांभाळते. दर वर्षी कुठली ना कुठली पोरं येतात आणि दारातच विचारतात, "ताई, कुठलं इंजिन टाकू?" त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

गाडी बाजा स्पर्धेसाठी असेल तर निवडीचा प्रश्नच नाही. इंजिन आयोजक ठरवतात. आमच्या वेळी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 305 सीसी, दहा हॉर्सपॉवरचं होतं आणि त्याच्या आत हात घालायला सक्त मनाई होती. पुढचं सगळं जुन्या, स्पर्धेतून निवृत्त झालेल्या गाडीसाठी आहे.

भंगार बाजारात जाण्याआधी वही घ्या. आमची गाडी चालकासकट 230 किलो भरली. तिला 30 अंशांचा चढ चढवायचा तर चढाचाच विरोध 230 गुणिले 9.81 गुणिले अर्धा, म्हणजे साधारण 1130 न्यूटन. त्यात मऊ मातीचे शंभर-सव्वाशे धरा, 1250 झाले. भार पडल्यावर टायरची त्रिज्या आम्ही मोजली, 27 सेंटीमीटर. म्हणजे चाकांवर मिळून 337 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हवा. हा आकडा इंजिन कुठलंही घेतलं तरी बदलत नाही, म्हणून सुरुवात इथून करायची.

आता इंजिनाकडे या. ब्रिग्जचं जुनं इंजिन 19 न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क द्यायचं, तेही तीन हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली. 150 सीसी बाइकचं इंजिन 13 देतं आणि त्यासाठी त्याला सहा हजारांवर फिरवावं लागतं. कागदावर हॉर्सपॉवर बाइकची जास्त, पण चढावर ओढ टॉर्कची लागते. वाटेतले तोटे धरून 85 टक्केच चाकापर्यंत पोचतात असं माना: 337 भागिले (13 गुणिले 0.85), उत्तर साधारण 30. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, 30 फेरे झाले पाहिजेत.

बाइकच्या गिअरबॉक्समधून यातले किती मिळतात हे बघायला पुस्तक लागत नाही. प्लग काढा, पहिला गिअर टाका, मॅग्नेटच्या बाजूचं झाकण काढून क्रँकच्या नटाला पाना लावा, पुढच्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) खडूने खूण करा आणि फेरे मोजा. आमच्या इंजिनात स्प्रॉकेटचा एक फेरा व्हायला क्रँकचे दहाच्या आसपास फेरे झाले. उरलेली तिप्पट चेनमधून काढायची: पुढे 14 दात, मागे 43. हीच मोजणी प्रत्येक गिअरला करा. आठ हजार आरपीएमला ताशी 60 किलोमीटर हवे असतील तर वरच्या गिअरमध्ये हे फेरे साडेचारच्या खाली यायला हवेत. दुकानदाराच्या ओट्यावर बसून हे दहा मिनिटांत होतं, आणि ते केल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाइकच्या इंजिनाची खरी उणीव रिव्हर्सची. शेतातल्या सरीत नाक अडकलं की दोघांनी उतरून गाडी मागे ओढायची. हे चालणार नसेल तर रिक्षाचं इंजिन बघा. चार पुढचे गिअर, एक रिव्हर्स आणि डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) एकाच पेटीत येतं, पार्ट प्रत्येक तालुक्याला मिळतात. ज्या कॉलेजात लेथ-मिलिंगची सोय नाही त्यांना मी हेच सुचवते, कारण मागच्या एक्सलचं निम्मं काम वाचतं. गाडी सावकाश पळेल, आणि साधं डिफरन्शियल असल्यामुळे चिखलात एक चाक नुसतं फिरत राहील. हे दोन्ही मान्य असेल तरच घ्या. मारुती 800 च्या इंजिनाचा मोह बहुतेकांना होतो. बाजाच्या पिंजऱ्यात ते घालू नका. गिअरबॉक्स, रेडिएटर, पाणी धरून मागचं वजन इतकं वाढतं की सस्पेन्शनचा सगळा हिशोब नव्याने करावा लागतो.

बाइकचंच घ्यायचं ठरलं तर कार्बोरेटरवालं घ्या. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आलं. त्यासोबत ईसीयू (इंजिनाचा कंट्रोलर), सेन्सर, पेट्रोलपंप आणि अख्खं वायरिंग न तोडता आणावं लागतं. सेल्फ स्टार्ट हवाच, पिंजऱ्यात किक मारायला पाय पोचत नाही. आणि आरसी बुकची प्रत घ्या, इंजिन नंबर स्वतः घासूनपुसून वाचा, रीतसर पावती मागा. पावती द्यायला नकार मिळाला तर तिथून निघा. इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

आता बसवणं. इंजिन बाइकमध्ये जसं उभं होतं तसंच, त्याच झुकावाने बसवा. पुढे-मागे जास्त कललं की तेल उचलणारी जाळी कोरडी पडते आणि कार्बोरेटरमधल्या फ्लोटची पातळी बिघडते. बाइकला टाकी कार्बोरेटरच्या वर असते, बग्गीत तुमची टाकी खाली असेल तर ती उचला किंवा पंप लावा.

माउंटच्या बाबतीत आम्ही चुकलो, म्हणून इथे थांबून सांगते. 3 मिलिमीटर पत्र्याच्या पट्ट्या कापून आम्ही इंजिन टांगलं. हातात धरून हलवलं तर मजबूत वाटत होतं. दुसऱ्याच चाचणीत पहिल्या गिअरमध्ये चढावर क्लच सोडला, पट्ट्या वाकल्या, चेन उडाली आणि स्प्रॉकेटजवळ क्रँककेसला तडा गेला. रात्री बसून जो हिशोब केला तो आधी करायचा होता. 13 न्यूटन मीटर गुणिले दहा, म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटवर 130. 14 दातांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या जेमतेम साडेअठ्ठावीस मिलिमीटर. भागाकार केला की चेनची ओढ साडेचार हजार न्यूटन, साडेचारशे किलो टांगल्यासारखी. वजन पेलणं आणि ही ओढ पेलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या पट्ट्या 6 मिलिमीटरच्या केल्या आणि पुढच्या माउंटपासून पिंजऱ्याच्या सांध्यापर्यंत तिरका टेकू दिला. पिंजऱ्याच्या मुख्य पाइपला भोक कधीही पाडू नका, पट्टी सांध्याजवळ वेल्ड करा. रबर बुश टाळा, ओढीखाली इंजिन सरकतं आणि चेनची रेघ सुटते.

तो तडा गेलेला क्रँककेस पुढे फार कामाला आला. आतलं सगळं काढून रिकामं खोकं माउंटला बोल्ट केलं, दोन्ही स्प्रॉकेटना सरळ पट्टी लावून रेघ जुळवली, वेल्डचे छोटे टाचे मारले, पुन्हा रेघ तपासली, मग पूर्ण वेल्ड. चालू इंजिन लटकवून वेल्डिंग करावं लागलं नाही. निकामी क्रँककेस भंगारात स्वस्त मिळतो, मुद्दाम एक आणा. चेनवर निदान दोन मिलिमीटर पोलादाचं आवरण हवंच, चालकाची पाठ तिच्यापासून फूटभर अंतरावर असते.

वायरिंगमधली एक गोष्ट जिवावर बेतू शकते. ब्रिग्जला बॅटरीशिवाय ठिणगी देणारा मॅग्नेटो आहे, त्याचा किल स्विच (इंजिन बंद करायचा) वायर बॉडीला टेकवतो आणि इंजिन बंद पडतं. आमच्या बाइकचं सीडीआय (प्लगला ठिणगी पुरवणारी पेटी) बॅटरीवर चालणारं होतं, तिथे स्विचने पुरवठा तोडावा लागतो. जुना स्विच तसाच जोडला तर दाबून काहीच होणार नाही. तुमचं सीडीआय कुठल्या प्रकारचं आहे ते आधी बघा. चालकाजवळचा आणि बाहेरचा, दोन्ही स्विच इंजिन चालू असताना दाबून खात्री करा.

क्लच पायाने चालवायचा असेल तर पेडलखाली टेकण द्या, नाहीतर पायाच्या जोराने केबल तुटते. गिअरची दांडी दोन्ही टोकांना रॉड एंड (फिरते सांधे) लावून न्या, केबलने न्यूट्रल सापडत नाही. हवेवर थंड होणारं इंजिन चालकाच्या पाठीमागे गुदमरतं, म्हणून दोन्ही बाजूंनी पत्र्याची नळकांडी काढून वारा थेट सिलिंडरच्या फिनवर सोडा.

पहिल्यांदा सुरू करताना मागची चाकं घोड्यांवर (स्टँडवर) उचललेली असू द्या, अग्निशामक हाताशी असू द्या. सगळे गिअर टाकून बघा. मग सपाट मैदानात पंधरा मिनिटं चालवा, थांबा आणि प्रत्येक बोल्ट तपासा. बोल्ट आणि पट्टीवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवा, बोल्ट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. आमचे पुढचे दोन बोल्ट पहिल्या दिवशी तीनदा हलले, नायलॉक नट लावल्यावर थांबले. चढ त्यानंतर. आणि मैदानापर्यंत गाडी टेम्पोतून न्या, बिननोंदणीची बग्गी रस्त्यावर चालवायची नाही.