जुन्या शिडाच्या बोटीच्या टाक्या : या चुका टाळा

जुनी बोट घेताना शिडं, डोलकाठी, इंजिन सगळं बघून होतं. टाक्या मात्र फळ्यांखाली असतात, म्हणून राहून जातात. 1970–80च्या दशकांतल्या कित्येक फायबरग्लास बोटींत डेक बसण्याआधीच टाक्या आत ठेवलेल्या असत, त्यामुळे आज एखादी बाहेर काढायची तर आतलं फर्निचर कापायची वेळ येते. त्या काळच्या अनेक तैवानी बोटींत तर डिझेलची टाकी साध्या काळ्या लोखंडाची आहे. तेव्हा आहे ती जपलेली बरी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसते फिल्टर बदलत राहणं. इंजिन बंदरात छान चालतं आणि लाटा उठल्या की बंद पडतं. तळाशी बसलेला गाळ हलला की हे असं होतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात, तिथे बुरशी वाढते. तिला मारायचं औषध मिळतं, नवा मालक उत्साहाने बाटली ओततो, बुरशी मरते, आणि तो मेलेला चिकटा पुन्हा फिल्टरमध्येच येऊन बसतो! आधी हातपंपाची नळी टाकीच्या सर्वांत खोल कोपऱ्यात सोडा, लिटरभर डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि तासभर ठेवा. पाणी असेल तर खाली बसलेलं दिसेल. मग टाकीचं हात आत जाईल एवढं झाकण उघडून तळ हाताने घासा. आत आडव्या पत्र्यांचे कप्पे असतील तर प्रत्येक कप्प्याला वेगळं झाकण लागतं, एकाने भागत नाही. झाकण नसेल तर डिझेलच्या टाकीला कापून बसवता येतं. पेट्रोलच्या टाकीला करवत लावू नका, वाफेचा भडका उडतो.

पाणी आत आलं कुठून? लोक दमट हवेला दोष देतात. मी आधी डेकवरच्या भरणीच्या, म्हणजे टाकी भरायच्या तोंडाच्या, झाकणाची रबरी रिंग बघेन. ती चिरली की पावसाचं, लाटेचं पाणी थेट टाकीत.

इंजिन तासाभराने धापा टाकतं, थोडं थांबलं की पुन्हा चालू होतं? मग टाकीत हवा आत-बाहेर करणारी हवेची नळी तपासा. गांधीलमाशीचं घर किंवा मीठ तिला बुजवायला पुरतं. इंजिन गडबडत असतानाच भरणीचं झाकण सैल करा. हवा सुस्कन आत गेली आणि इंजिन सावरलं, तर दोष तिथेच.

पाण्याच्या टाकीची हवेची नळी बुजली असेल तर प्रकरण महागात जातं. धक्क्यावरच्या नळाचा पाइप भरणीत घट्ट कोंबला आणि आत एक बार दाब चढला, तर अर्धा मीटर लांब-रुंद पत्र्यावर अडीच टनांचा जोर येतो. सांधे उकलणारच. पाइप सैल धरा.

ॲल्युमिनियमची टाकी बहुधा बाहेरून सडते. खाली ओला फोम किंवा लाकूड असलं की पत्र्याला खड्डे पडत जातात, आतून सगळं लखलखीत दिसत असतानाही. टाकी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर उचलून ठेवा, खालून वारा खेळू द्या.

प्यायच्या पाण्याला वास येत असेल तर 200 लिटरला साध्या, बिनसुगंधी 5 टक्क्यांच्या ब्लीचचं 200 मिली पुरतं. नळ सोडून सगळ्या पाइपांत ते पाणी येऊ द्या, चार तास ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा. 'जरा जास्तच घालू, रात्रभर राहू दे' हा मोह नको, क्लोरीन स्टीलच्या वेल्डिंगलाही खातं. आणि व्हिनेगर त्यासोबत कधीच नाही, विषारी वायू सुटतो.

राहिला संडासाचा होल्डिंग टँक, म्हणजे मैला साठवायची टाकी. त्याचा वास आला की सुगंधी रसायनं ओतू नका. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपावर गुंडाळा, गार झालं की हुंगा. फडक्याला वास लागला असेल तर टाकी ठीक आहे, पाइप झिरपतोय.